नियत वयोमानानुसार

साडू हे नातं पहिल्यांदा कुणाला सुचलं कोण जाणे. भावाकडे वाटणी मागता येते, मेव्हण्याकडे मान मागता येतो. साडूकडे काहीच मागता येत नाही. एकाच सासऱ्यानं निरनिराळ्या साली केलेल्या त्या दोन गुंतवणुका. कुठलीवर परतावा जास्त आला, याचा हिशेब सासूबाई दर दिवाळीला मनातल्या मनात मांडतात आणि ताळेबंद कधीच जाहीर करीत नाहीत.

माझे साडू विद्यापीठात आहेत. म्हणजे होते. हा 'आहेत'चा 'होते' कसा झाला, हाच या लेखाचा विषय.

'मी बँकेत आहे' असं सांगितलं की लोक विचारतात, "कॅशला का?" भाऊसाहेबांनी 'विद्यापीठात आहे' म्हटलं की तेच लोक आवाज खाली आणून विचारतात, "कुठला विषय?" भाऊसाहेबांचा विषय आस्थापना. रजा, वेतनवाढ, सेवापुस्तक. पण ते फक्त हसतात. त्या हसण्यामुळे आमच्या सासुरवाडीत बरीच वर्षं त्यांना प्राध्यापक समजत आणि मला नोटा मोजणारा. दुसरी समजूत बरोबर असल्यामुळे मला पहिलीविरुद्ध तक्रार करता येईना.

आता नाशकात विद्यापीठ म्हणजे कुठलं, असा प्रश्न येईल. पूर्वी तो येत नसे. विद्यापीठ म्हणजे पुण्याचं. १९४९ साली स्थापन झालेलं. २०१४ साली त्याला सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं. मी कॉमर्सला होतो तेव्हा कॉलेज नाशकात, मिसळ नाशकात, नापास होण्याची भीतीही नाशकात. फक्त शिक्का पुण्याचा. पण आमच्या विद्यार्थिदशेतच गावाची परिस्थिती सुधारू लागली होती. १९८९ च्या १ जुलैला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं आणि गंगापूर धरणाच्या बाजूला वसलं. १९९८ च्या १० जूनला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आलं, ते दिंडोरी रस्त्याला, म्हसरूळला. पुढं पुण्याच्या विद्यापीठाचं उपकेंद्र झालं, खासगी मंडळीही उतरली. द्राक्षांच्या गावाला विद्यापीठांचे घड लागले.

यात मुक्त विद्यापीठाबद्दल बँकवाल्यांना थोडा जिव्हाळा वाटायला हवा. १९६९ साली आपल्याकडे चौदा बँका सरकारच्या झाल्या आणि त्याच साली विलायतेत ओपन युनिव्हर्सिटी सुरू झाली. बँक खेड्यात गेली, कॉलेज घरात गेलं. ही कल्पना आपल्याकडे यायला तेरा वर्षं लागली. १९८२ साली आंध्रनं ती उचलली, १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधींच्या नावाचं विद्यापीठ झालं, आणि मग नाशकात 'ज्ञानगंगा घरोघरी' अशी पाटी लागली. नाशिककराला गंगा घरी येण्याचं काय अप्रूप? गोदावरीच्या पुरात ती आमच्याकडे न बोलावता येते. पण ही गंगा आल्यावर घर धुऊन काढावं लागत नाही, एवढा फरक.

भाऊसाहेब यांपैकी कुठल्या विद्यापीठात होते, ते मी सांगणार नाही. बँकेत लागताना गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली आहे. ती खातेदारांपुरती असली, तरी साडूला लागू करायला हरकत नसावी.

तर भाऊसाहेबांकडे आस्थापनेखेरीज आणखी एक काम होतं. विद्यापीठाचं चार पानी मासिक वार्तापत्र. पहिल्या पानावर संदेश आणि छायाचित्र, मधल्या दोन पानांवर 'आगामी कार्यक्रम', शेवटच्या पानावर 'कर्मचारी वृत्त'. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी ते त्याची मुद्रितं घेऊन आमच्याकडे यायचे. दोनचार दिवाळी अंकांत माझे विनोदी लेख छापून आले असल्यामुळे मला ऱ्हस्व-दीर्घ कळतं, असा त्यांचा गैरसमज होता. मोबाइलवर पाठवा म्हटलं तर म्हणत, "पडद्यावर चुका लपतात हो. कागदावर सापडतात." मग मिसळीच्या दोन ताटल्या, वर पापड, मधे मुद्रितं. विद्यापीठाच्या कित्येक थोर कार्यक्रमांना आमच्या घरची तर्री लागलेली आहे.

'आगामी कार्यक्रम' वाचून मला विद्यापीठाचा हेवा वाटे. आमच्या बँकेत कार्यक्रम म्हणजे १४ सप्टेंबरचा हिंदी दिन आणि ३१ मार्चची जागरणं. विद्यापीठात दर महिन्याला काही ना काही. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. २१ जूनला योग दिन. त्या दिवशी सकाळी शवासनात गेलेल्या काही मंडळींना दुपारी टेबलावरून उठवावं लागे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन. फेब्रुवारीच्या अखेरीस तर लगीनघाई. २७ ला कुसुमाग्रजांची जयंती म्हणून मराठी भाषा गौरव दिन आणि २८ ला सी. व्ही. रामन यांच्या शोधाचा, म्हणून राष्ट्रीय विज्ञान दिन. मांडव तोच, खुर्च्या त्याच, रात्रीतून फक्त तसबीर बदलायची. त्यातून नाशिककराला २७ तारीख सरकारी वाटतच नाही. तात्यासाहेब शिरवाडकर आमच्या गावचे; त्यांच्या जयंतीला आम्ही घरचं कार्य असल्यासारखे उशिरा जातो.

या मजकुराचं एक स्वतंत्र व्याकरण होतं आणि ते मला भाऊसाहेबांनी शिकवलं. 'उपस्थिती प्रार्थनीय' म्हणजे जे येणार नाहीत त्यांच्यासाठी. 'उपस्थिती अनिवार्य' म्हणजे ज्यांना यायचं नाही त्यांच्यासाठी. 'प्रमुख पाहुण्यांचे नाव नंतर कळविण्यात येईल' याचा अर्थ पहिले दोन नाही म्हणालेत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे अल्पोपाहाराची जागा. तो व्याख्यानानंतरच छापायचा. एकदा चुकून आधी छापला, तर व्याख्यात्यासमोर पहिली रांग तेवढी उरली. आणि तीही आयोजकांची.

एकच अडचण होती. संदेश वेळेवर येत नसे, त्यामुळे अंक वेळेवर निघत नसे, त्यामुळे वाचकाच्या हाती पडेपर्यंत निम्मे आगामी कार्यक्रम 'मागामी' झालेले असत. "मग लोकांना उपयोग काय?" असं मी विचारलं. भाऊसाहेब म्हणाले, "आपण काय चुकवलं, ते कळतं."

पण त्यांचा खरा जीव शेवटच्या पानावर. नियुक्ती, पदोन्नती, बदली, कुणाला पीएच.डी. मिळाली, कुणाच्या मुलीला दहावीला नव्वद टक्के, मग सेवानिवृत्ती आणि तळाशी चौकटीत दुःखद निधन. एका पानात माणसाचा सगळा प्रवास बसवलेला. 'यांची परीक्षा विभागातून वित्त विभागात बदली झाली. दोन्ही विभागांचे अभिनंदन' अशी एक बातमी मी सुचवली होती. भाऊसाहेब पोटभर हसले आणि त्यांनी दुसरं वाक्य खोडलं.

सेवानिवृत्तीचा मसुदा ठरलेला होता. 'श्री. अमुक हे इतक्या वर्षांच्या प्रदीर्घ सेवेनंतर नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाले. त्यांच्या पुढील आयुष्यास शुभेच्छा.' नाव आणि आकडा तेवढा बदलायचा. मोठे साहेब असोत की शिपाई, ओळी दोनच.

"अहो, नियत वयोमानानुसार कशाला? वय झालं म्हणा की," मी म्हटलं होतं.

"वय झालं म्हटलं की माणसाला लागतं," भाऊसाहेब म्हणाले. "नियत म्हटलं की कुणी रुसत नाही. सगळ्यांचंच नियत असतं."

गेल्या वर्षी एका रविवारी ते जरा उशिराच आले. मिसळ निवली होती. मुद्रितं माझ्यापुढं ठेवली आणि पापडाशी खेळत बसले. मी चौथ्या पानावर आलो तर शेवटच्या बातमीची जागा कोरी.

"ही तुम्ही लिहा," ते म्हणाले. "स्वतःचं स्वतः लिहिणं बरं दिसत नाही."

"पण मसुदा आहे की!"

भाऊसाहेबांनी पापडाचा तुकडा मोडला. खाल्ला नाही.

"मसुद्यात दोनच ओळी आहेत हो," ते म्हणाले.

सव्वीस वर्षं ज्या माणसानं सगळ्यांना दोन ओळींत बसवलं, त्याला स्वतःला त्यात बसताना पाय दुमडावे लागत होते. मला विनोद सुचेना. मी कागद ओढला आणि खातं उघडायला आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "सांगा, तुम्ही काय काय केलंत?"

"काय केलं? नोकरी केली."

यावर चार ओळी लिहिणं कठीण होतं. पण त्या दिवशी ताई, म्हणजे हिची थोरली बहीण, बरोबर आली होती. ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "नावांचं सांगा ना!"

"त्यात काय सांगायचं?" असं म्हणून भाऊसाहेब गप्प झाले, तेव्हा तिनंच सांगितलं. पदवीदान समारंभ जवळ आला की प्रमाणपत्रांवरची नावं ताडून पाहण्याच्या कामावर भाऊसाहेबांना घेत. कुठं शंका आली तर संध्याकाळी घरी आल्यावर ते स्वतःच्या फोनवरून मुलांना विचारत, "बाळ, तुझ्या आईच्या नावातलं शेवटचं अक्षर नक्की काय रे?" मुलांना वाटे, कुणीतरी फसवतंय, काही फोन ठेवून देत. हे पुन्हा लावत. एकदा एका मुलीच्या वडिलांचं नाव अर्जावर लागेना आणि फोन काही लागेना. शनिवारी सुट्टी होती. भाऊसाहेब एसटीनं पेठ तालुक्यातल्या तिच्या पाड्यावर गेले, नाव विचारलं, वहीत लिहून घेतलं आणि परत आले.

"नुसते नाही आले," ताई म्हणाली. "नागलीचे पापड घेऊन आले. तिच्या आईनं दिलेले."

"भाडं मिळालं का?" मी विचारलं. सवय, दुसरं काय!

"कामावर कुठं गेलो होतो?" भाऊसाहेब म्हणाले. "पदवीवर नाव चुकलं, तर ती पदवी दुसऱ्याची झाली हो."

हे वाक्य बँकेतल्या माणसाला जेवढं कळेल तेवढं कुणाला कळणार नाही. आमच्या काउंटरवरच्या निम्म्या कटकटी नावांच्या. आधारकार्डावर एक, पॅनवर दुसरं, पासबुकावर तिसरं. पत्नीचं नाव मतदारयादीत लग्नानंतरचं आणि दाखल्यावर माहेरचं. एका अक्षरासाठी म्हातारी माणसं प्रतिज्ञापत्र करायला कोर्टाच्या आवारात जातात, तिथून झेरॉक्सला, तिथून पुन्हा माझ्यापुढं. आणि मी, नियमाप्रमाणे, त्यांना आणखी एक कागद सांगतो. असे किती हेलपाटे या माणसानं जन्माआधीच मारून टाकले असतील, त्याची नोंद कुठल्याही लेजरात नाही.

मी चार ओळी लिहिल्या. शेवटची अशी होती : 'ज्यांच्या पदवीवरचे नाव बरोबर आले, त्यांना हे माहीत नसतील, कारण काम बरोबर झाले की करणाऱ्याचे नाव कळत नाही.' भाऊसाहेबांनी वाचलं, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"एक ओळ जास्त होतेय," ते म्हणाले.

"राहू द्या."

"शिपायालाही दोनच ओळी दिल्यात आपण."

"पुढच्या महिन्यापासून सगळ्यांना चार द्या म्हणावं."

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

निरोपसमारंभाला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. 'उपस्थिती प्रार्थनीय' असं छापलेलं असूनही सभागृह भरलं होतं, आणि अल्पोपाहार शेवटी होता म्हणून नव्हे. एरवी कधी न आलेला अंक त्या दिवशी चक्क वेळेवर आला होता. शेजारच्या गृहस्थांच्या हातातला मी वाकून पाहिला. चारही ओळी होत्या. पण वर भाऊसाहेबांच्या आडनावात काहीतरी निळं दिसलं. नीट पाहिलं, तर छापलेला एक काना पेनानं अलगद खोडलेला.

मला घाम फुटला. कारण ती बातमी मीच टाइप करून दिली होती आणि मुद्रितही मीच तपासलं होतं. सव्वीस वर्षं लोकांची नावं सांभाळणाऱ्या माणसाचं नाव विद्यापीठात पहिल्यांदा चुकलं, ते घरच्या माणसाकडून. दुसरा अंक पाहिला, तिसरा पाहिला. सगळ्यांत काना खोडलेला. आदल्या संध्याकाळी गठ्ठे आल्यावर भाऊसाहेब एकटे बसून प्रत्येक प्रत दुरुस्त करत होते, असं शिपायानं सांगितलं. शेवटच्या दिवसाचं शेवटचं काम.

रात्री ते घरी आले तेव्हा मी तोंड चुकवत होतो. त्यांनी पिशवीतून एक अंक काढून माझ्यापुढं धरला. यात काना शाबूत होता.

"एवढी एकच ठेवली तशी," ते म्हणाले. "तुमच्यासाठी. लेखकाकडे मूळ प्रत असावी."

सासूबाईंनी हिशेब त्याच दिवशी बंद केला असावा.

हल्ली भाऊसाहेब रविवारी त्यांच्या सोसायटीच्या सूचनाफलकाचा मजकूर आणतात. टाकी धुण्याचा आगामी कार्यक्रम, वॉचमनच्या मुलाला बारावीत मिळालेलं यश. चार ओळींत.

मध्यंतरी निवृत्तीचे पैसे हाती आले, तेव्हा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायला ते आमच्या शाखेत आले. पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत ते काम करावं लागतं; भाऊसाहेब तिसऱ्या दिवशी हजर. रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर माझ्यापुढं बसले. फॉर्म मीच भरला आणि सहीसाठी त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी चष्मा चढवला, पेन बाजूला ठेवलं आणि आपल्या नावाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. आडनावाशी बोट जरा थांबलं.

मागं रांग वाढली होती. एक गृहस्थ घड्याळाकडे बघून म्हणाले, "अहो काका, सही करा ना, जरा घाई आहे."

"करू द्या हो त्यांना सावकाश," मी म्हटलं. "नाव वाचतायत."