गोळ्यांचं उद्यापन

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या शेवटपर्यंत घेतल्याचं मला आठवत नाही. पाच दिवसांच्या दिल्या की तिसऱ्या दिवशी मला हमखास बरं वाटतं. मग उरलेल्या गोळ्या फडताळातल्या एका डब्यात जातात. त्या डब्यात गेल्या वीस वर्षांतले सगळे खोकले, ढाळ आणि सांधेदुख्या अर्धवट बऱ्या होऊन पडलेल्या आहेत. आमच्या सौभाग्यवतींचं नेमकं उलट. हाती घेतलेलं व्रत तिनं कधी मध्येच सोडलेलं नाही. माझ्याशी केलेला संसार हा त्याचा सर्वांत मोठा पुरावा.

जावईबापूंना युगांडातल्या एका साखर कारखान्यात नोकरी लागली आणि लेकीनं आम्हां दोघांना तीन आठवड्यांसाठी बोलावलं. गावाचं नाव जिंजा. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल नदी निघते ती तिथं. मी शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवला, पण नाईल कधी मला पाहुणी म्हणून बोलावील असं वाटलं नव्हतं. ही बातमी मी परभणीभर केली.

"काय सर, कुठं निघालात म्हणं?" शेजारच्या काकांनी विचारलं.

"जिंजाला."

"जिंतूरला? मंग पासपोर्ट कशाला काढायलात? दर तासाला यष्टी हाय की!"

मी नाईल, सरोवर, विषुववृत्त असं सगळं समजावून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "जाऊन या. जिंतूरचं हवापाणी चांगलंच हाय."

डॉक्टरांकडं आधी जायला हवं, हे लेकीनं फोनवर बजावलं होतं. पीतज्वराची लस मुंबईला जाऊन टोचून घेतली. ती प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. राहिला हिवताप. त्याची मला मुळीच धास्ती नव्हती. हिवताप आणि आम्ही जुने ओळखीचे. लहानपणी हिवतापाचा कर्मचारी सायकलवरून यायचा, "घरात कुणाला ताप?" असं विचारायचा, बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि दाराशेजारच्या भिंतीवर तारीख लिहून जायचा. मग क्लोरोक्वीनच्या गोळ्या. त्या इतक्या कडू की ताप आला तरी आम्ही पोरं आईला सांगत नसू. आणखी एक नातं आहे. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू रोनाल्ड रॉसनं पहिल्यांदा पाहिला तो 20 ऑगस्ट 1897 रोजी, सिकंदराबादेत. म्हणजे निजामाच्याच मुलखात. परभणीही तेव्हा निजामाकडंच होती. सारांश, तो डास आणि माझे आजोबा एकाच संस्थानची प्रजा!

हे सगळं मी डॉक्टरांना ऐकवलं आणि म्हणालो, "तेव्हा आम्हाला गोळ्यांची गरज नाही. फार तर क्लोरोक्वीन लिहून द्या."

डॉक्टर हसले. म्हणाले, "सर, लहानपणीचा हिवताप ही काही आजन्म फी-माफी नव्हे. ती ताकद टिकत नाही. आणि तिकडचा हिवताप बहुतेक फाल्सिपेरम जातीचा. तो मेंदूपर्यंत जातो, वेळेवर उपचार झाला नाही तर माणूस दगावतो. क्लोरोक्वीनला तर तो आता जुमानत नाही."

मग त्यांनी माझीच उलटतपासणी घेतली. मूत्रपिंड कसं आहे, यकृत कसं आहे, दुसरी कोणती औषधं चालू आहेत, कधी फिट आली होती का, मनाचा काही आजार झाला होता का. शेवटच्या प्रश्नाला मी "नाही" म्हणालो तेव्हा ही दुसरीकडं पाहत होती. एक आठवड्याची गोळी असते, मेफ्लोक्वीन; पण मनाचा आजार किंवा फिट येऊन गेलेल्यांना ती देत नाहीत, आणि इतरांनाही कधी कधी तिनं भलभलती स्वप्नं पडतात. एक महागातली रोजची असते, ती परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते. आमच्या तब्येतीला आणि पेन्शनला मिळून डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लीन ठरवली. गर्भारशीला आणि लहान लेकरांना ती चालत नाही. आमच्या बाबतीत दोन्ही शंका नव्हत्या.

"निघायच्या दोन दिवस आधी सुरू करा. तिथं एकवीस दिवस रोज, ठरल्या वेळी. आणि परत आल्यावर अठ्ठावीस दिवस. मोजा किती होतात."

"एकावन्न," ही पटकन म्हणाली. "दक्षिणेचाच आकडा की हो!"

तिथंच तिच्या मनात त्या गोळ्यांचं व्रत झालं. नियमही व्रतासारखेच होते. जेवणानंतर घ्यायची, पेलाभर पाण्याबरोबर. दुधाबरोबर नाही, आम्लपित्ताच्या औषधाबरोबर नाही. घेतल्यावर निदान तासभर आडवं व्हायचं नाही. कातडी उन्हाला हळवी होते, तेव्हा डोकं आणि हात झाकायचे. आणि गोळी घेतली म्हणून डासांना मोकळं रान द्यायचं नाही. तो डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. पूर्ण बाह्या आणि मच्छरदाणी हवीच.

पहिल्या दिवशी मी जेवलो, घोटभर पाण्यानं गोळी गिळली आणि वामकुक्षीसाठी डाव्या कुशीवर झालो. अर्ध्या तासात छातीत असा काही जाळ उठला की मला मृत्युपत्र आठवलं. गोळी अन्ननलिकेतच आडवी झाली होती. माझ्यासारखीच. दुसऱ्या दिवसापासून ही मला पेला घेऊन समोर बसवायची आणि स्वतः वाती वळत तास मोजायची. सोबतीला कालनिर्णयचं पान न्यायला ती विसरली नाही. रोज गोळी झाली की तारखेवर कुंकवाचं बोट.

जिंजाचे तीन आठवडे सुखात गेले. नाईल पाहिली, नातवाला गोदावरीच्या गोष्टी सांगितल्या, उसाचे मळे पाहून सोनपेठ-पाथरीची आठवण काढली. नातवासाठी आणि लेकीसाठी डॉक्टरांनी वेगळी व्यवस्था सांगितली होती. रात्री सगळे मच्छरदाणीत. मला मात्र अंगणात गप्पांची सवय. दोनचार डासांशी माझा परिचय झालाच.

देवगिरी एक्स्प्रेसनं परभणीच्या फलाटावर उतरलो आणि माझ्या मनानं गोळ्यांची गोष्ट संपली. आफ्रिकेतले डास आफ्रिकेत राहिले, मग गोळी कुणासाठी? दोन दिवसांनी माझं पाकीट नेहमीच्या डब्यात गेलं. हिला वाटत होतं, मी सकाळी न्याहारीबरोबर घेतो. मी तसं सांगितलं होतं. संसारात अशी छोटी छोटी खोटी लागतात. हिची बोटं मात्र कालनिर्णयावर चालूच होती.

परतल्यावर चौदाव्या दिवशी मला हुडहुडी भरली. दोन रजया, वर हिचं लुगडं, तरी दात वाजत होते. मी एकटाच दवाखान्यात गेलो. ताप, अंगदुखी, डोकेदुखी एवढंच सांगितलं. गर्दी होती, साथ होती. साथीचा ताप म्हणून औषध मिळालं. भाजीवाल्याला, न्हाव्याला, रिक्षावाल्याला, वसमत रस्त्यावरच्या पानवाल्याला मी युगांडा पाठ करून दिला होता. सांगायला विसरलो तो एकट्या डॉक्टरांना.

दुसऱ्या रात्री मी बरळायला लागलो. नाईल नदीला हजेरीला उभं करत होतो म्हणे. ही घाबरली आणि मला रिक्षात घालून पुन्हा दवाखान्यात गेली. दारातूनच म्हणाली, "डॉक्टर, आम्ही दोन आठवड्यांपूर्वी आफ्रिकेतून आलोय." डॉक्टर खुर्चीतून उठलेच. रक्त घेतलं. फाल्सिपेरम. सहा दिवस रुग्णालयात काढले, त्यातले पहिले दोन मला आठवत नाहीत. हिला चांगले आठवतात. त्याबद्दल ती अजून बोलत नाही.

बरा झाल्यावर डॉक्टरांनी समजावलं. डास चावला की जंतू आधी यकृतात जाऊन दडतो. आपल्या गोळीचा मारा मुख्यतः रक्तातल्या जंतूवर. यकृतातले पाहुणे आठवड्या-दोन आठवड्यांनी रक्तात उतरतात, तेव्हा गोळी दारात उभी हवी. म्हणून ते अठ्ठावीस दिवस. "आणि सर, सगळ्या गोळ्या घेऊनही ताप येऊ शकतो. परतल्यावर वर्षभरात केव्हाही ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासायचं, आणि पहिलं वाक्य काय बोलायचं?"

"युगांडा," मी म्हणालो. पस्तीस वर्षांत मी एवढं नेमकं उत्तर दिलेलं नाही.

पडल्या पडल्या मला भिंतीवर तारीख लिहिणारा तो कर्मचारी आठवला. 1961 पर्यंत देशातले हिवतापाचे रुग्ण वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास आले होते. हिवताप संपलाच असं वाटलं. मग हात ढिला पडला, फवारणी कमी पडली, डास डीडीटीला सरावले, आणि 1976 साली चौसष्ट लाखांवर माणसं आजारी पडली. बरं वाटल्यावर औषध सोडायची खोड माझ्या एकट्याची नव्हती तर!

शेजारचे काका भेटायला आले. बराच वेळ बसले, मोसंब्यांची पिशवी ठेवली आणि उठताना म्हणाले, "जिंतूरला येवढे डास झालेत, मला ठावंच नव्हतं."

मी घरी आल्यावर पाच-सहा दिवसांनी हिची एकावन्नावी गोळी होती. तिनं पेलाभर पाण्यानं ती घेतली, कालनिर्णयावर शेवटचं कुंकू लावलं आणि संध्याकाळी पुरणपोळी केली. मी ताटावर बसलो तेव्हा माझ्या वाटीशेजारी फडताळातला तो डबा होता. रिकामा, घासून पालथा घातलेला.

मी काही विचारलं नाही. तिनं पोळीवर तूप वाढलं आणि म्हणाली, "जेवा. उद्यापन आहे आज."