लांबच्या वाटेने लवकर

चि. ईरा,


"विमान अमेरिकेला निघालं होतं, मग पडद्यावर जपान कसं आलं?" तुझ्या या प्रश्नावर बाबाने 'शॉर्टकट असतो' म्हणून तुला गप्प केलं. शॉर्टकट कसला! उलट ती लांबची वाट. आजीच्या डोक्यातून तुझा प्रश्न जाईना, म्हणून हे पत्र.

दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट विमान एअर इंडियाने डिसेंबर २०१५मध्ये सुरू केलं. ते आधी पश्चिमेला, अटलांटिकवरून जायचं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६मध्ये त्यांनी तोंडच फिरवलं आणि चीन, जपान करत पॅसिफिक ओलांडला. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं. जवळजवळ दोन तास वाचले.

ही करामत वाऱ्याची. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, तेच जेट स्ट्रीम. विषुववृत्ताकडची गरम हवा, ध्रुवाकडची थंड आणि पृथ्वीचं फिरणं, यातून ते तयार होतात. हिवाळ्यात त्यांना जास्त चेव येतो. कधी वेग ताशी तीनशे किलोमीटरच्याही वर. हा वारा पाठीशी असला की वेळ आणि इंधन दोन्ही वाचतं.

गंमत पुढेच आहे. जपानच्या वासाबुरो ओइशींनी १९२०च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला आणि १९२६ साली अहवाल लिहिला तो एस्पेरान्तो भाषेत. वाचणार कोण? पुढे महायुद्धात अमेरिकेची बाँबफेकी विमानं जपानवर याच वाऱ्यात सापडली, तेव्हा कुठे जगाचे डोळे उघडले. (आजीची पत्रं तुम्ही फ्रिजवर लावता म्हणे. वाचताही ना?)

आता आपल्या विमानांची गोष्ट. एअर इंडियाचं पहिलं लंडनचं विमान, 'मलबार प्रिन्सेस', ८ जून १९४८ला मुंबईहून निघालं, कैरो, जिनिव्हा करत. जेआरडी टाटा स्वतः त्यात होते. बाबाचा मामा लंडनला गेला तोवर जेट विमानं आली होती. साल १९६६ असेल, किंवा ६७. त्याला किती तास लागले, देव जाणे. आठवते ती लिंबाच्या लोणच्याची बरणी! पणजीने तिला दादरा बांधला, वरून पंचा गुंडाळला, पुन्हा सुतळी आवळली. सांताक्रूझला सगळे हार घालत होते, आणि ही आपली "आडवी धरू नकोस रे" एवढंच सांगत होती. तरी खार गळलाच. नव्या कोटाच्या अस्तरावर पिवळा डाग पडला, आणि मामाने तो कोट तसाच पुढे कितीतरी वर्षं वापरला.

तू हल्ली "घरी चाललो" म्हणतेस ते कॅलिफोर्नियाला निघताना. म्हण बापडी. पण इथे येतानाही तेच म्हणत जा की.

विमानात पाणी पीत जा, तासन्तास कार्टून बघू नकोस. उत्तर मराठीत हवं, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी चालेल; फोनने लिहून दिलेलं आजीला लगेच ओळखू येतं. आणि मेतकूट संपलं असेल तर आईला कळवायला सांग.

तुझी,
आजी