शनिवारी गेटपाशी उभा राहा

प्रिय नंदू,

"शनिवारी व्यसनमुक्ती केंद्रातून सोडतायत बंड्याला. येईल रिक्षा करून, मी नाही जाणार," पोटच्या पोराबद्दल एवढं बोलून तू फोन ठेवलास. दोन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. राहून राहून एक प्रयोग आठवतोय.

मेरी एन्सवर्थ या बाईंनी बाल्टिमोरला वर्षाच्या आसपासची बाळं पाहिली. अनोळखी खोली, समोर खेळणी. आई ३ मिनिटं बाहेर जाते आणि परत येते. ती गेल्यावर मूल किती रडतं यापेक्षा ती आल्यावर काय करतं, हे त्यांनी टिपलं. बरीचशी बिलगून शांत होतात. काही बिलगतात आणि लाथाही झाडतात. काही आईकडे न बघता खेळतच राहतात. पुढे अशा मुलांचे ठोके मोजले, तर छाती धडधडतच होती.

आठवतं? तू बोटीवरून आठ महिन्यांनी आलास, तेव्हा चिमुकला बंड्या खेळण्यातल्या निळ्या बसचं चाक बोटाने फिरवत बसला होता. मान वर केली नाही. "शहाणा आहे, रडत नाही," म्हणालास. मीही त्याला शाबासकी दिली. ती आज टोचते रे.

तू बोटीवर होतास म्हणून तो पितो, असं मी म्हणत नाही. तशी कितीतरी मुलं दारूला शिवत नाहीत, आणि आपल्याकडे आप्पांपासून ही ओढ आहे. पण पोटातलं कुणाला सांगायचं नाही, हे जो इतक्या लहानपणी शिकला, त्याला बाटलीच जवळची वाटली. ती हाकेला येते, रागवत नाही. पुढे तीच उरलीसुरली माणसं तोडते. आणि तू त्याला इच्छाशक्ती शिकवतोस! अवचट पतीपत्नींनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे पेशंटबरोबर घरच्यांशीही बोलतात, ते उगाच नाही.

तो पुन्हा घसरेल का? घसरेलही, याच भीतीने मी अर्धी झालेय. घसरला तर पैसे देऊ नकोस, ऑफिसात त्याच्यासाठी खोटं बोलू नकोस. पण बोलणं टाकू नकोस. आणि त्याच्या आईला, सुधाला, एकटीला रात्र रात्र जागवू नकोस, तिचं बीपी तुला ठाऊक आहे.

शनिवारी दहाला गेटपाशी उभा राहा. भाषण नको, त्याची पिशवी हातात घे. मी पहाटेच्या गाडीने येतेच आहे. पण बाहेर आल्यावर तो मला शोधणार नाही, तुला शोधेल.

तुझी,
ताई