धक्क्यावरची जयणा



माझे सासर अलिबागचे, माहेर मुंबईचे आणि मध्ये समुद्र. त्यामुळे धक्का, तिकीट आणि डब्यातले खाकरे हे माझ्या संसाराचे जुने सोबती.

सासूबाई आजही लाँचला ‘आगबोट’च म्हणतात. हा शब्द वाफेच्या बोटींच्या काळातला. स्वदेशी कंपन्यांनी तेव्हा आपल्या बोटींना संतांची नावे दिली होती. १९२७ च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. मग १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ पोचली. पाऊस, वारा, मोठी लाट. घाबरलेली माणसे एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक जीव गेले. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला दुपारपर्यंत पत्ताच नव्हता. आमच्या भागात वडीलधारी माणसे ‘रामदास’चे नाव अजून हळू आवाजात घेतात.

पुढे डिझेलच्या लाँच आल्या. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात. सासूबाई हसून म्हणतात, “बघ, लाँचनेही चातुर्मास धरला!” मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली. आता गाडीसकट तासाभरात पलीकडे.

बोटी बदलल्या, पण समुद्र तोच आहे. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हा हे पुन्हा कळले.

आपल्याकडे ईर्या समिती सांगितली आहे. पाऊल टाकताना पाहून टाकायचे, कुणा जिवाला इजा होऊ नये म्हणून. आपण मुंगी वाचवतो, पाणी गाळून पितो. मग धक्क्यावर ढकलाढकली करून चढताना, मांडीवरच्या लेकराला जाकीट न घालता बसवताना ही जयणा कुठे जाते? आपला जीवही जीवच ना?

मी घरात नियम केला आहे. गर्दी दिसली तर पुढची लाँच. चढल्याबरोबर जाकीट, आधी मुलांना आणि सासूबाईंना, मग मला. डॉल्फिन दिसला म्हणून सगळ्यांनी एका बाजूला धावायचे नाही. सामायिकात बसतो तसे जागेवर बसायचे. मुले कुरकुरतात, “मम्मी, गरम होतं!” होऊ दे. तासाभराचे तप समजा.

नवकार म्हणून बोटीत पाय ठेवा, पण जाकिटाचा बंद आवळायला विसरू नका.