अरवाना, टाकी आणि माझे बोट

दवाखान्यातला माझा अरवाना पाहून पेशंट विचारतात, "डॉक्टर, वास्तूसाठी का?" नाही, आवडतो म्हणून! दुर्मिळ आशियाई अरवानाचा हा ॲमेझॉन खोऱ्यातला चंदेरी भाऊबंद. पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या जंगलात तो उंच उडी मारून फांदीवरचे किडे टिपतो. नर पिल्लांना तोंडात सांभाळतो. मासा अडीच-तीन फूट वाढतो, म्हणून टाकी प्रशस्त आणि झाकण घट्ट हवे.

माशाची काळजी घेतली, स्वतःची नाही. बोटाला चीर असताना टाकी धुतली. काही आठवड्यांनी तिथे लालसर गाठ आली. फारशी दुखत नव्हती, म्हणून दोन महिने अंगावर काढले. तपासणीत मायकोबॅक्टेरियम मरायनम निघाला, म्हणजे टीबीच्या जंतूचा पाण्यात राहणारा नातेवाईक. तो माणसाकडून माणसाला पसरत नाही. पण औषधे काही महिने घ्यावी लागली.

तुमच्या घरी मासे असतील तर हाताला जखम असताना टाकीत हात घालू नका. हातमोजे वापरा, नंतर साबणाने हात धुवा. गाठ बरी होत नसेल तर "घरी मासे आहेत" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मीसुद्धा ते उशिराच सांगितले.