डबलसीट न्यूझीलंड : पहिले पाच दिवस



आम्ही दोघं मोटरसायकलवरून न्यूझीलंड फिरायला निघालो आहोत हे कळल्यावर घरातून, शेजारातून, सिनेगॉगमधून एकच प्रश्न आला, "या वयात?" नातवंडांनी मात्र विचारलं, "हेल्मेट घातल्यावर बोलता येतं का?" हो मुलांनो, येतं. हेल्मेटात छोटा स्पीकर आणि माइक बसवतात. त्यामुळे दिवसभर एकमेकांचं ऐकावं लागतं, तो भाग वेगळा!

वयाच्या प्रश्नाला आमचं उत्तर बर्ट मन्रो. हा माणूस न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाच्या इन्व्हरकार्गिल गावचा. त्याने १९२० साली एक मोटरसायकल विकत घेतली आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं घरच्या शेडमध्ये तिचे भाग स्वतः बनवून ती सुधारत राहिला. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या मिठाच्या सपाट मैदानावर त्याने ती ताशी सुमारे २९६ किलोमीटर पळवून विक्रम केला. त्याच्यावर २००५ मध्ये 'द वर्ल्ड्‌स फास्टेस्ट इंडियन' हा सिनेमा निघाला. नाव वाचून आम्हाला वाटलं, आपलाच कोणी असणार. पण 'इंडियन' हे त्या मोटरसायकलचं नाव, अमेरिकेत बनलेली. तरी सिनेमा पाहून झाल्यावर हे जे बोलायला लागले ते थांबेनात. हे म्हणजे मुंबईला असताना जावा चालवणारे आणि इथे येऊन जन्मभर मोटर मेकॅनिकचं काम केलेले. निवृत्तीनंतर हातांना काम नव्हतं.

पण २०१९ मध्ये यांच्या हृदयात स्टेंट बसवला होता. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून जायला हरकत नाही म्हटलं. अडतीस वर्षं नर्सिंग केलेल्या आमच्या मनाला तेवढं पुरत नाही. म्हणून दोघांनी बसून करार केला. दिवसाला दीडशे किलोमीटरच्या वर नाही. तासाला एकदा थांबायचं, उतरायचं, पाणी प्यायचं. आणि छातीत, हातात, जबड्यात काही वेगळं वाटलं तर लपवायचं नाही. लपवलं तर त्याच दिवशी गाडी परत. यांनी त्यावर सही केली, खरंच केली. तो कागद औषधांच्या डबीत ठेवला.

२१ फेब्रुवारी २०२३ ला, मंगळवारी, क्राइस्टचर्चला उतरलो. तिकडे फेब्रुवारी म्हणजे उन्हाळ्याची अखेर. विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू दाखवावी लागते, बी-बियाणं, मध, बुटाला चिकटलेली माती सगळ्यावर नजर असते. बेटावर बाहेरची कीड येऊ नये म्हणून. आमच्या पिशवीत जाडे पोहे, गोडा मसाला आणि लसणीची चटणी. सगळं कागदावर लिहून दिलं. तिथल्या बाईने पोहे हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "हा तांदूळ कोणी चपटा केला?" तिला समजावता समजावता मागे रांग वाढली. शेवटी पोहे सुटले.

बुधवारी गाडी ताब्यात घ्यायची होती ती संध्याकाळी. सकाळी पायी हिंडलो आणि एवॉन नदीकाठी आलो तर माणसंच माणसं, हातात फुलं. त्या दिवशी २२ तारीख होती. २०११ मध्ये याच दिवशी दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी इथे भूकंप झाला आणि १८५ माणसं गेली. नदीकाठी लांब संगमरवरी भिंत आहे, तिच्यावर सगळ्यांची नावं. आपल्या इस्राएलहून फिरायला गेलेली तीन तरुण मुलंही त्यात आहेत. त्या १८५ पैकी ११५ माणसं एकाच इमारतीत गेली. तिथे परदेशी लोकांना इंग्रजी शिकवणारी शाळा होती आणि विद्यार्थ्यांत बऱ्याच जणी नर्स होत्या, फिलिपीन्सहून, जपानहून आलेल्या. परक्या देशात आपलं काम पुन्हा करता यावं म्हणून भाषा शिकत बसल्या होत्या.

उल्पानचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना वेगळं सांगायला नको. कदूरी शाळेत मराठी-इंग्रजीत पहिला-दुसरा नंबर काढून आलेल्या आम्ही, इथे इंजेक्शनला हिब्रूत काय म्हणतात ते वहीत मराठी अक्षरांत लिहून पाठ करत होतो. नावं वाचून झाली, बारा एकावन्नला सगळे गप्प उभे राहिले. मग लोकांनी फुलं नदीत सोडली. आम्हीही सोडली. यांनी नंतर तासभर काही विनोद केला नाही, म्हणजे समजा.

गुरुवारी सकाळी निघालो. न्यूझीलंडमध्ये गाड्या डाव्या बाजूने चालतात. इस्राएलमध्ये पन्नास वर्षं उजवीकडून चालवल्यावर कसं जमणार, ही आमची धास्ती. पण हे म्हणाले, "हात परळ-लालबागला शिकलेत, ते विसरत नाहीत." आणि खरंच, पहिल्या चौकातच गाडी आपसूक डावीकडे लागली. तरी मागून आम्ही दर वळणाला "डावीकडे, डावीकडे" म्हणतच होतो.

सत्तर किलोमीटरवर स्प्रिंगफील्ड गाव. इथे गुलाबी रंगाचा मोटारीएवढा डोनट उभा केलेला आहे, 'सिम्पसन्स' कार्टूनमधला. मुलांसाठी फोटो काढला. त्याच गावात रेवी ॲली जन्मला, हे मात्र पोरं विचारणार नाहीत. १९२७ मध्ये चीनला गेला आणि आयुष्यभर तिथल्या गरिबांसाठी सहकारी कारखाने, शाळा काढत राहिला. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, त्याच जातीचा माणूस.

पुढे चढ. उजाड पिवळे डोंगर, मग चुनखडीचे प्रचंड धोंडे, जणू कुणी राक्षसाने गोट्या टाकून दिल्यात. रस्त्यात एकेरी पूल लागतात. निळ्या पाटीवर पांढरा मोठा बाण असेल तर आपण आधी जायचं, लाल गोल पाटी असेल तर समोरच्याला जाऊ द्यायचं. कोणी घुसत नाही. आम्ही इस्राएलहून आणि त्याआधी मुंबईहून गेलेले, आम्हाला हे पाहून करमणूक झाली.

आर्थर्स पास गावाच्या अलीकडे आभाळ काळं झालं. क्राइस्टचर्चला वर्षाला जेमतेम साठ सेंटिमीटर पाऊस आणि या गावात चार मीटरहून जास्त. कारण आपल्या सह्याद्रीसारखंच. समुद्रावरून येणारे ढग पश्चिमेकडून डोंगरांना आपटतात आणि रिकामे होतात. महाबळेश्वरला धो धो आणि पलीकडे फलटणला धूळ, तसं. फक्त हा पाऊस बर्फासारखा गार. अर्ध्या तासात हातमोजे भिजले. हेल्मेटातून यांचा आवाज एकदम कमी झाला. "काय होतंय?" "काही नाही." मग थोड्या वेळाने, "बोटं कळत नाहीत."

दहा मिनिटांत गाव आलं. गाडी लावली, ओले कपडे काढायला लावले, कोरडा स्वेटर, कोमट गोड चहा. ओठ निळसर होते. नाडी पाहिली, पंचाण्णव. छातीत दुखत नव्हतं, घाम नव्हता, श्वास ठीक. ही थंडी होती, हृदय नव्हतं. पण ते ठरेपर्यंतची पंधरा मिनिटं फार लांब गेली. तासाभराने नाडी बहात्तर. मुक्काम तिथेच ठरलेला होता. रात्री पोहे भिजवले, बटाटा घातला आणि कागद बाहेर काढला.

परत जायचं की पुढे, यावर बराच वेळ बोलणं झालं. हे म्हणाले, "बोटांचं सांगितलं ना? लपवलं नाही." ते खरं होतं. करारात तेच होतं. शेवटी ठरलं की सकाळी ऊन असलं आणि नाडी ऐंशीच्या आत असली तर पुढे. आणि कुठल्याही परिस्थितीत वाटेत पहिल्या दुकानातून न भिजणारे हातमोजे.

सकाळी लख्ख ऊन. नाडी सत्तर. बाहेर पाहतो तर गाडीच्या सीटवर हिरवा पोपट! हा केआ. जगात उंच डोंगरात राहणारा हा एकच पोपट. चोच आकड्यासारखी, पंख उघडले की खालून नारिंगी. मोटारींच्या खिडक्यांचं रबर सोलून काढणं हा याचा धंदा. याने आमच्या सीटची शिवण कोरायला घेतली होती. हे ओरडले तर तो एक पाऊल बाजूला सरकला, मान वाकडी करून यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला. शेवटी तो कंटाळून उडाला. त्याला खायला देऊ नका असं तिथे सगळे सांगतात, लोकांच्या खाण्याने तो मरतो. केआ आता फार थोडे राहिलेत.

घाट उतरताना १९९९ मध्ये बांधलेला ओटिराचा पूल लागतो, ४४० मीटर लांब, दरीवर अधांतरी वळलेला. पोटाखालून डोंगरात आगगाडीचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा जातो, १९२३ चा. खंडाळ्याच्या घाटात बालपण गेलेल्यांना असं काही दिसलं की हात जोडावेसे वाटतात. यांनी पुलावर वेग इतका कमी केला की मागे चार मोटारी जमल्या.

शुक्रवारी दुपारी होकिटिकाला पोहोचलो. समुद्रकाठचं छोटंसं गाव, हातमोजे मिळाले, हिरव्या पवित्र दगडाची दुकानंही. १८६० च्या दशकात इथे सोनं सापडलं आणि माणसांचा लोंढा आला. नदीच्या मुखाशी वाळूची दांडी आहे, तिच्यावर कितीतरी जहाजं फुटली. किनाऱ्यावर त्यांची आठवण म्हणून जहाजाच्या आकाराचं स्मारक आहे. त्यावर बसून आम्हाला नवगाव आठवलं. आपल्या पूर्वजांचं गलबत तिथे फुटलं, सात जोडपी वाचली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथेही सोन्याच्या मागे ज्यू व्यापारी आले होते, सोनं संपल्यावर पांगले. रेवदंडा, बोर्लीचीच गोष्ट, फक्त वेगळ्या कारणाने.

आठ वाजता मेणबत्त्या लावल्या. सूर्य अजून पाण्यावर होता. अश्दोदला मुलीला त्याआधी फोन केला तर तिथे शुक्रवारची सकाळ, नऊसुद्धा वाजले नव्हते, ती बाजाराला निघाली होती. "तुमचा शब्बाथ आलाही?" न्यूझीलंड त्या दिवसांत आपल्यापुढे अकरा तास असतं. नातू म्हणाला, "मग उद्या काय होणार ते आत्ताच सांगा."

शनिवार पूर्ण विश्रांती. फक्त सॅंडफ्लाय नावाच्या चिलटांनी दिली नाही. आपले डास निदान गुणगुणून येतात, या गुपचूप चावतात आणि आठवडाभर खाज ठेवून जातात. बरोबर नेलेलं खोबरेल तेल चोळून पाहिलं, थोडा फरक पडला.

रविवारी सकाळी नाडी अडुसष्ट. गाडीवर फक्त अडीचशेच्या आसपास किलोमीटर झाले होते आणि हिमनद्यांचा रस्ता पुढे होता. यांनी नवे हातमोजे घातले, बोटं हलवून दाखवली. पुढचं पुढच्या अंकात, संपादकांनी जागा दिली तर.