सेक्टर नाइनचा दवाखाना

माझा जन्म भिलाईच्या सेक्टर 9मधल्या रुग्णालयातला, धाकट्या बहिणीचाही तिथलाच. आमच्या रस्त्यावरच्या क्वार्टरांमध्ये वाढलेल्या बहुतेक मुलांचं तसंच. बाबा साठच्या दशकात नागपूरहून इथल्या रेल मिलमध्ये नोकरीला आले. पगाराबरोबर क्वार्टर मिळालं, पुढे मुलांना कारखान्याची शाळा मिळाली आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव मेडिकल बुकात चढलं. आजारपणासाठी पैसे बाजूला ठेवायचे असतात, हे आम्हाला मोठं होईपर्यंत ठाऊकच नव्हतं.

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला 2 फेब्रुवारी 1955 रोजी. चार वर्षांनी, 4 फेब्रुवारी 1959 रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या काळी दुर्ग जिल्हा म्हणजे धानाची शेतं आणि खेडी. रायपूरला मेडिकल कॉलेज निघालं 1963मध्ये, त्यामुळे त्याआधी मोठ्या दुखण्यासाठी माणसं मुंबई-हावडा मार्गाच्या गाडीत बसून नागपूरचं मेडिकल गाठायची. अशा मुलखात हजारो कामगार आणून बसवायचे, तर त्यांच्या आजारपणाची सोयही सरकारलाच करायला हवी होती, आणि ती केली गेली. सेक्टरा-सेक्टरांत हेल्थ सेंटरं उभी राहिली आणि सेक्टर 9मध्ये मेन हॉस्पिटल. पुढे त्याला जवाहरलाल नेहरूंचं नाव मिळालं आणि खाटा वाढत वाढत साडेआठशेच्या पुढे गेल्या. एखाद्या राज्याच्या राजधानीला शोभेल एवढा हा पसारा कारखान्याच्या एका वसाहतीत उभा राहिला. दवाखाना हा दानधर्म मानला गेला नाही, भट्टी आणि रुळांइतकंच ते उत्पादनाचं साधन मानलं गेलं. त्या पिढीच्या नियोजनातला हा विचार मला आजही मोलाचा वाटतो.

रुग्णालयाचा जळीत विभाग साऱ्या छत्तीसगडात ठाऊक आहे. जिथे वितळलेलं लोखंड वाहतं आणि कोक ओव्हनचा वायू नळांतून धावतो, तिथे भाजलेल्या माणसांवर उपचार करण्याचं कसब साठत जाणारच. 9 ऑक्टोबर 2018 रोजी कोक ओव्हनजवळ गॅसच्या पाइपलाइनमध्ये स्फोट झाला. त्याच दिवशी नऊ जण गेले, पुढच्या दिवसांत उपचार चालू असताना आणखी काही. जखमींना आणलं ते सेक्टर नाइनलाच. त्या संध्याकाळी आमच्या सेक्टरमधली माणसं रुग्णालयाच्या फाटकाशी जाऊन नुसती उभी होती. प्रत्येकाच्या घरातलं, नाहीतर शेजारचं कुणीतरी त्या वेळी पाळीवर होतं. ज्या शहरात असा स्फोट होऊ शकतो, त्या शहरात जळीत विभाग दहा मिनिटांवर असणं म्हणजे काय, हे फाटकाशी उभ्या असलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

बाबा निवृत्त झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी रात्री न्हाणीघरात घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा मी पहिल्यांदा या रुग्णालयात पेशंटची मुलगी म्हणून दिवसरात्र राहिले. शस्त्रक्रिया नीट झाली. वॉर्डातल्या सिस्टर केरळच्या होत्या, तीसेक वर्षं भिलाईत काढलेल्या. बाबांशी त्या रेल मिलच्या जुन्या गप्पा मारत, कारण त्यांचे यजमानही तिथलेच. संध्याकाळी बायका सेक्टर 9च्या हनुमान मंदिरात नारळ फोडून येत आणि प्रसाद खाटाखाटांवर वाटत. ओडिया, तेलुगू, मल्याळी, बंगाली, मराठी, छत्तीसगढी, सगळे एकाच वॉर्डात. कारखान्याने जसे देशभरातले कामगार गोळा केले, तसेच त्यांचे आजारही एका छपराखाली आणले.

बाबांना पडल्यापडल्या एकच चिंता होती. आपल्या काळी प्रत्येक पाळीला असायची तेवढी माणसं आता वॉर्डात दिसत नाहीत, असं ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. कारखान्याचंही तसंच झालं आहे. एके काळी तिथे पन्नास हजारांहून जास्त कायम कामगार होते, आज ते पंधरा हजारांच्या आत आले आहेत. पोलाद मात्र पूर्वीपेक्षा जास्त निघतं. मधली जागा ठेका मजुरांनी भरली.

त्या ठेका मजुरांची गोष्ट सांगितल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही. आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचा नवरा ठेकेदाराकडे कारखान्यातच राबतो. ज्या फाटकातून बाबा आयुष्यभर आत गेले, त्याच फाटकातून तोही जातो. आमच्या मेडिकल बुकासारखं पुस्तक त्याच्या घरात नाही. बाबा घरी परतले त्याच हिवाळ्यात त्याला अपेंडिक्सचा त्रास झाला. ठेकेदाराने विम्याचे कागद वेळेवर भरलेले नव्हते. त्याला एका खासगी रुग्णालयात नेलं गेलं आणि तिथल्या बिलापायी बाईंनी गावाकडची जमीन गहाण टाकली. मी त्यांच्याबरोबर पैसे भरायच्या खिडकीपर्यंत गेले होते. पावती घेताना त्यांनी मला एवढंच विचारलं, “दीदी, बाबूजी को कितना लगा था?” मी खरं ते सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत.

सार्वजनिक पैशातून दवाखाना उभा राहतो तेव्हा त्याचं दार कोणासाठी उघडं राहील, हेही त्याच दिवशी ठरतं. पुढे माणसं बदलतात, नोकरीची रीत बदलते, पण नियम मात्र जुन्या नोकरीलाच धरून राहतात.

हाच प्रश्न भिलाईच्या खाणींवरच्या मजुरांनी पन्नास वर्षांपूर्वी अनुभवला. कारखान्याला लोहखनिज येतं ते दल्ली राजहराहून. तिथे हाताने खनिज फोडणारे ठेका मजूर शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली संघटित झाले. 1977च्या जूनमध्ये त्यांच्यावर गोळीबार झाला आणि अकरा जण मारले गेले. संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात धड उपचार न मिळाल्याने गेल्या. मग या मजुरांनी स्वतःचं रुग्णालय बांधायचं ठरवलं. वर्गणी त्यांची, विटा वाहणारे हात त्यांचे. 3 जून 1983 रोजी पंधरा खाटांचं शहीद हॉस्पिटल सुरू झालं. बिनायक सेन, आशिष कुंडू, शैबाल जाना यांच्यासारखे डॉक्टर तिथे येऊन राहिले. पुढे खाटा शंभराच्या वर गेल्या.

मी दल्लीला गेले तेव्हा आवारात बालोद आणि कांकेरकडच्या खेड्यांतली माणसं बसलेली होती, नातेवाईक गठुड्या सोडून जेवत होते. नोकरी कुठे करता, हे तिथे केस पेपरवर कुणी विचारत नव्हतं. त्या मजुरांबद्दल मला अपार आदर आहे. तरीही एक गोष्ट मनातून जात नाही: सरकारी कारखान्यासाठी खनिज फोडणाऱ्यांना बाळंतपणाची खोली स्वतःच्या रोजीतून बांधावी लागली. नियोगींची 28 सप्टेंबर 1991 रोजी हत्या झाली, तीही भिलाईतच, हुडको वसाहतीत.

जुनी गुंतवणूक कशी आणि कुठे कामाला येईल ते बांधणाऱ्यालाही सांगता येत नाही. 2021च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने दुर्ग जिल्हा हवालदिल झाला होता. 6 तारखेपासून टाळेबंदी लागली. त्याच दिवसांत भिलाईचे ऑक्सिजन प्लांट, जे मुळात पोलाद बनवण्यासाठी उभारलेले, दूरदूरच्या रुग्णालयांसाठी प्राणवायूचे टँकर भरत होते. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी सुरू झालेल्या सार्वजनिक कारखान्याने त्या महिन्यात किती माणसांना श्वास दिला! खाजगी नफ्यातोट्याच्या हिशेबात ही नोंद कुठल्या खात्यात बसवायची?

आता आमच्या भागात पुन्हा सरकारी पैसा येतो आहे, ही चांगलीच गोष्ट. 2003मध्ये जाहीर झालेल्या योजनेतून रायपूरच्या टाटीबंधला एम्स उभं राहिलं आणि 2012मध्ये सुरू झालं. भिलाईहून ते तासाभराच्या अंतरावर आहे. आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांचं नागपूरला धावणं त्यामुळे बरंच कमी झालं. दुर्गजवळच्या कचांदूरचं चंदूलाल चंद्राकर मेडिकल कॉलेज खासगी होतं, ते अडचणीत आल्यावर राज्य सरकारने 2021मध्ये कायदा करून ताब्यात घेतलं. त्या निर्णयावर वाद झाला. पण बांधून तयार असलेली इमारत आणि मध्येच लटकलेले विद्यार्थी वाऱ्यावर सोडण्यापेक्षा ते बरं झालं, असंच मी म्हणेन. त्याच वर्षी केंद्राने 64,180 कोटी रुपयांची आरोग्य पायाभूत सुविधांची योजना सुरू केली. तिच्यातून जिल्ह्याजिल्ह्यांत अतिदक्षतेचे विभाग आणि प्रयोगशाळा व्हायच्या आहेत.

रेल्वेमार्गाने नागपूरकडे जाताना गोंदिया लागतं. तिथलं सरकारी मेडिकल कॉलेज 2016मध्ये सुरू झालं ते जुन्या जिल्हा रुग्णालयाच्या इमारतीत, आणि नव्या इमारतीची पायाभरणी व्हायला 2024 उजाडलं. कुठे डॉक्टर आहेत पण जागा नाही, कुठे जागा आहे पण सिस्टर नाहीत. इमारतीचा पैसा एका खात्यातून येतो, पगाराचा दुसऱ्या, आणि यंत्रांच्या दुरुस्तीचा बहुधा कुठूनच येत नाही. सेक्टर 9 इतकी वर्षं टिकलं, कारण भिंती आणि माणसं यांचा खर्च एकाच यजमानाच्या वहीत होता. यजमानाने हात आखडता घेतला की काय होतं, तेही बाबांनी पडल्यापडल्या मोजलं होतं.

भिलाई-दुर्गात राहणाऱ्या, आणि तिकडे विदर्भातही, प्रत्येक वाचकाला माझी विनंती आहे. तुमच्या गावात नव्या रुग्णालयाची कोनशिला बसेल तेव्हा आमदारांना आणि नगरसेवकांना दोन प्रश्न लेखी विचारा. इथे किती डॉक्टर आणि किती सिस्टरांची पदं मंजूर झाली आहेत? आणि इथे ठेका मजुराच्या बायकोचं बाळंतपण कारखान्यातल्या कायम कामगाराच्या बायकोसारखंच होणार आहे का? उत्तरही लेखीच मागा.